रात्रीत बॅटरी उतरते? जुन्या पिकअपमध्ये करंट कुठे जातोय ते शोधायची पद्धत

संध्याकाळी पिकअप व्यवस्थित चालत होती, सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक-टक, मीटरवरचे दिवे मंद, सेल्फ फिरतच नाही. जंप दिला की लगेच चालू, दिवसभर काही त्रास नाही, आणि दुसऱ्या सकाळी परत तेच. अशा वेळी बहुतेक लोक सरळ नवीन बॅटरी टाकतात, आणि ती पण काही दिवसांनी तशीच उतरायला लागली की मग शोधाशोध चालू होते. माझं सांगणं एकच, आधी मोजा आणि मग खर्च करा. एक साधा मल्टिमीटर, दोन-तीन पाने आणि एक निवांत सुट्टीचा दिवस एवढ्यावर हे काम घरी होतं, ज्यांनी आजपर्यंत बॉनेट फक्त पाणी बघायला उघडलंय त्यांनाही जमतं.

हे सगळं १२ व्होल्टच्या आणि निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी लिहितोय, बहुतेक पिकअप तशाच असतात. काही डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या पॅरलल जोडलेल्या असतात, तुमची तशी असेल तर दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून एकेक तपासायची, कारण त्यातली एक खराब असली की ती दुसरीला पण खाली ओढते आणि तुम्ही वायरिंगमध्ये उगाच दिवस घालवता.

आधी थोडा हिशोब

पाना हातात घ्यायच्या आधी हा हिशोब करून घ्या, निम्मी शोधाशोध इथेच कमी होते. समजा बॅटरी ६० अँपिअर-अवरची आहे, म्हणजे एक अँपिअर करंट साठ तास पुरेल एवढी. गाडी बंद असताना घड्याळ, स्टिरिओची मेमरी, सेंट्रल लॉक असलं काहीबाही थोडा करंट घेतच असतं, आणि साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ते ठीक धरतात. जुन्या पिकअपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स कमी असतं म्हणून तिथे बऱ्याचदा १० ते ३० च्या आतच मिळतं. आता ५० मिलिअँपिअर रात्रीचे १२ तास गेला तर किती झाला, ०.६ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचा एक टक्का. याने गाडी बंद पडत नाही.

धडधाकट बॅटरी एका रात्रीत निम्मी व्हायला ३० अँपिअर-अवर जायला पाहिजेत, म्हणजे १२ तास सलग अडीच अँपिअर. ग्लोव्ह बॉक्समधला ५ वॉटचा बल्ब चालू राहिला तर तो घेतो ०.४ अँपिअर, रात्रभरात ५ अँपिअर-अवर, एवढ्याने चांगली बॅटरी सकाळी कुरकुरत नाही, तीन-चार दिवस गाडी उभी राहिली तर मात्र बसेल. पण मागचे ब्रेकचे दोन २१ वॉटचे बल्ब जळत राहिले तर साडेतीन अँपिअर, रात्रभरात ४२ अँपिअर-अवर, खेळ खलास.

म्हणजे गाडी एका रात्रीत बसत असेल तर दोनच शक्यता आहेत, एकतर काहीतरी मोठं रात्रभर चालू राहतंय, किंवा बॅटरीतच दम उरला नाहीये आणि छोट्याशा करंटनेही ती आडवी होतेय. दोन्ही एकाच वेळी असणं पण जुन्या गाडीत अगदी नेहमीचं. म्हणून सुरुवात वायरिंगपासून करायचीच नाही, बॅटरीपासून करायची.

पहिलं काम: दोष बॅटरीचा, चार्जिंगचा की गाडीचा

बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण चार्ज करा. गाडी तासभर फिरवून आणली म्हणजे चार्ज झाली असं धरू नका, पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) पूर्ण भरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. चार्ज झाली की निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि बॅटरी रात्रभर तशीच सुटी राहू दे. सकाळी मीटर डीसी व्होल्टवर लावून टर्मिनलवर बघा. १२.६ किंवा वर असेल तर पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ ला साधारण पाव उरलेली असते आणि ११.९ च्या खाली ती उतरलेलीच समजा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चांगला दिसतो, रात्रभर थांबणं म्हणूनच.

काहीच जोडलेलं नसताना बॅटरी रात्रीत १२.६ वरून १२.२ वर आली तर गाडीचा काही दोष नाही, बॅटरीच आतून गेलीय. वरची बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घाला, भरलेल्या सेलमध्ये १.२६५ ते १.२८० च्या आसपास मिळतं, आणि पाच सेल सारखे पण एखादा ०.०५० ने किंवा त्याहून खाली असेल तर तो सेल मेला. व्होल्ट चांगले दिसतायत पण खात्री नाही तर केबल जोडून सेल्फ मारा आणि त्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी मीटरकडे बघायला सांगा, सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीकडे संशयाने बघायचं. दुकानात लोड टेस्ट करून मिळत असेल तर ती करूनच घ्या, नुसत्या व्होल्टपेक्षा ती जास्त खरं सांगते.

मग इंजिन चालू करून टर्मिनलवर परत व्होल्ट बघा, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान पाहिजे. हेडलाईट, पंखा लावूनही १३.५ च्या वर राहिलं तर चार्जिंग ठीक. १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर बॅटरी रात्री उतरत नाहीये, ती दिवसाच भरत नाहीये, मग बेल्ट सैल आहे का, अल्टरनेटरमागची वायर ढिली आहे का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आलीय का ते बघा. इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थची पट्टी जुन्या पिकअपमध्ये सडलेली असते, ती हमखास बघायची.

बॅटरीचा वरचा भागही बघा. धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर साचला की त्याच्यातून दोन टर्मिनलच्या मध्ये बारीक करंट वाहत राहतो. मीटरचं काळं टोक निगेटिव्हवर आणि लाल टोक बॅटरीच्या प्लास्टिकवर मध्येच टेकवा, तिथे काही व्होल्ट दिसले तर थर करंट वाहून नेतोय. खायचा सोडा पाण्यात घालून बुचं घट्ट बंद ठेवून पुसून काढा आणि कोरडं करा. रात्रीत बॅटरी बसवण्याएवढं हे मोठं नसतं, पण पाच मिनिटांचं काम आहे.

मीटर लावायच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या

बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही पास झालं तर आता गाडीत शोधायचं. अंधार पडल्यावर गाडी बंद करा, चावी काढा, दारं लावा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. मागचे ब्रेकचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, हौद्यातला दिवा, केबिनचा दिवा. ब्रेकच्या दिव्यांवर मी मुद्दाम भर देतोय. पेडलवर एक छोटा प्लास्टिकचा किंवा रबराचा तुकडा असतो, तो ब्रेक स्विचचं बटण दाबून धरतो, जुन्या गाडीत तो कडक होऊन तुटून पडतो, बटण बाहेर येतं आणि ब्रेकचे दिवे रात्रंदिवस जळत राहतात. पेडलखाली मॅटवर प्लास्टिकचे तुकडे सापडले तर बहुधा हेच.

ग्लोव्ह बॉक्सचा दिवा बाहेरून दिसत नाही, फोनचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि झाकण लावा, मग व्हिडिओ बघा. बॉनेटखाली दिवा असेल तर त्यालाही हीच युक्ती.

चावी काढल्यावर स्टिरिओ, वायपर, पंखा यातलं काही चालतंय का तेही तपासा. जुनं इग्निशन झिजलं की चावी मधल्या पोझिशनमध्ये असतानाही बाहेर येते आणि ॲक्सेसरीची लाईन चालूच राहते, बघणाऱ्याला वाटतं गाडी बंद केलीय.

आता बॉनेट उघडा. तासभर उभ्या असलेल्या गाडीचे रिले, म्हणजे करंटने चालणारे छोटे डबीसारखे स्विच, हाताला थंड लागले पाहिजेत. एखादा रिले कोमट लागला तर तो चिकटलाय आणि त्याची कॉइल किंवा त्याच्या पुढचं काहीतरी चालू आहे. अल्टरनेटरलाही हात लावून बघा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे सकाळी. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट असेल तर पुढची बरीच मेहनत वाचली.

मीटर कसा लावायचा

आता खरं मोजमाप. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी चार्ज होताना आणि त्यानंतर थोडा वेळ तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून हवा खेळती ठेवा, जवळ विडी-सिगरेट नको, ठिणगी नको. केबल काढताना कायम निगेटिव्ह आधी, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तो थेट शॉर्ट होतो, पाना तापून लाल होईपर्यंत.

मीटरवर लाल वायर नेहमीच्या व्होल्टच्या भोकातून काढून १० अँपिअरच्या भोकात घाला आणि नॉब डीसी अँपिअरवर फिरवा. मिलिअँपिअरच्या भोकात आधी घालू नका, त्याचा आतला फ्यूज बहुतेक मीटरमध्ये २०० ते ४०० मिलिअँपिअरचा असतो, तो एका क्षणात उडतो. मग मीटर कायम शून्य दाखवतो आणि तुम्हाला वाटतं गाडी ठणठणीत आहे.

त्याच्याही आधी एक पायरी मी नेहमी सांगतो, ती कोणी करत नाही. ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब होल्डरमध्ये घालून दोन वायरी काढा. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, आणि तो बल्ब केबल आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या मध्ये जोडा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर एक-दीड अँपिअरच्या वर करंट जातोय, अंधुक लालसर दिसला तर त्याहून कमी, अजिबात पेटला नाही तर करंट थोडा आहे आणि आता मीटर लावायला हरकत नाही. बल्बमधून करंट जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअरच जाऊ शकतो, त्यामुळे कुठे सरळ शॉर्ट असला तरी मीटर जळत नाही. जोडताना क्षणभर उजेड आला आणि विझला तर घाबरू नका, स्टिरिओसारख्या वस्तू चार्ज होताना तसं होतं. एलईडीचा टेस्टर या कामाला चालत नाही, तो जरासा करंट असला तरी झगमगतो.

बल्बने परवानगी दिली की बल्बच्या जागी मीटर, एक टोक केबलला आणि एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, क्लिपवाली टोकं मिळाली तर फार सोयीचं. आता मीटर जोडलेला असेपर्यंत सेल्फ मारायचा नाही, चावी ऑन पण करायची नाही, हेडलाईट लावायचे नाहीत. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचं काय होईल ते सांगायला नको. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बऱ्याचदा फ्यूज नसतो आणि मोठा करंट काही सेकंदच चालवायचा असं त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. बल्ब चांगला पेटला असेल तर मीटर लावायची घाई करूच नका, बल्ब तसाच ठेवून फ्यूज काढत जा, बल्ब विझला की सर्किट सापडलं.

दार उघडं ठेवावं लागणार, कारण फ्यूज बॉक्स आत असतो, मग केबिनचा दिवा लागून आकडा चुकतो. दाराच्या चौकटीत रबरी टोपीचं बटण असेल तर ते टेपने किंवा क्लॅम्पने दाबून ठेवा. लॉकमध्येच स्विच असेल तर स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ बंद करा, दार बंद झालंय असं गाडीला वाटतं, पण काम झाल्यावर दार आपटायच्या आधी हँडल ओढून ती जीभ सोडायला विसरू नका, नाहीतर लॉक वाकतं. बॉनेटच्या दिव्याचा बल्ब काढून ठेवा.

आणि थांबा. गाडीत सेंट्रल लॉक, अलार्म, इमोबिलायझर असलं काही असेल तर बॅटरी जोडल्यावर ते सगळं जागं होतं आणि झोपायला १० ते ३० मिनिटं, कधीकधी तासभर घेतं. जोडल्या जोडल्या अर्धा अँपिअर दिसला म्हणून फ्यूज उपटत बसलात तर वेगळ्याच दिशेला जाल. अगदीच जुनी, साध्या वायरिंगची गाडी असेल तर एवढं थांबावं लागत नाही, तरी पाच-दहा मिनिटं द्याच. आकडा स्थिर झाला की तो कागदावर लिहा, हा तुमचा मूळ आकडा.

फ्यूज काढत जायचं

मूळ आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर आत्ता या घडीला गाडीत दोष नाही, बॅटरी परत तपासा किंवा शेवटी लिहिलेला भाग वाचा. ३०० किंवा ८०० मिलिअँपिअर, तीन अँपिअर असलं काही दिसत असेल तर एकेक फ्यूज काढायचा, मीटर बघायचा, आकडा पडला नाही तर तोच फ्यूज त्याच जागी परत लावायचा आणि पुढचा. सुरुवात करण्याआधी फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवा. पिकअपमध्ये बहुतेक वेळा दोन बॉक्स असतात, एक डॅशबोर्डखाली, एक बॉनेटखाली, आणि कधी बॅटरीजवळ वायरीतच लावलेले वेगळे फ्यूज, तेही धरायचे.

एखादा फ्यूज काढल्यावर आकडा तीन अँपिअरवरून चाळीस मिलिअँपिअरवर आला की सर्किट मिळालं. पण एका फ्यूजवर चार-पाच गोष्टी असतात, झाकणावरचा किंवा मॅन्युअलमधला तक्ता बघून त्यातली एकेक सुटी करत जायची. आतल्या दिव्यांचा फ्यूज असेल तर बल्ब काढा, मग स्विच, मग स्टिरिओचं सॉकेट. आकडा थोडाच पडला, म्हणजे ८०० वरून ५०० झाला, तर चोर दोन आहेत, एक पकडून थांबू नका.

गाडीत इलेक्ट्रॉनिक्स जास्त असेल तर फ्यूज काढून परत लावताना युनिटं परत जागी होतात आणि आकडे उड्या मारायला लागतात. तिथे फ्यूज न काढता मोजायची पद्धत चांगली. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालून, आणि ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांना दोन टोकं टेकवा. शून्य म्हणजे त्यातून काही जात नाही. काही आकडा आला म्हणजे करंट वाहतोय. १० अँपिअरच्या नेहमीच्या ब्लेड फ्यूजवर साधारण ७-८ मिलिव्होल्ट म्हणजे १ अँपिअरच्या जवळपास, मोठ्या फ्यूजवर तेवढ्याच करंटला आकडा कमी येतो. नेमका आकडा इथे महत्त्वाचा नाही, कुठल्या फ्यूजवर शून्य नाही एवढंच शोधायचं. या पद्धतीत बॅटरी गाडीला नेहमीसारखी जोडलेलीच असते, काही तोडायचं नाही, म्हणून मला ही जास्त आवडते.

क्लॅम्प मीटर असेल तर तो डीसी मोजणाराच पाहिजे, नुसता एसीवाला इथे काही दाखवत नाही, आणि मोजायच्या आधी झिरो करून घ्यायचा. मोठा करंट शोधायला तो उत्तम, वीस-तीस मिलिअँपिअरला फारसा भरवशाचा नाही.

जुन्या पिकअपमध्ये हे कुठे सापडतं

नंतर बसवलेल्या वस्तू आधी बघा. कंपनीच्या वायरिंगपेक्षा मागाहून जोडलेल्या वायरींमध्ये दोष जास्त सापडतो, आणि पिकअप कामाची गाडी असल्याने तिला आधीच्या मालकाने काय काय जोडलंय त्याचा पत्ता नसतो. स्टिरिओला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात, पिवळी कायम चालू आणि लाल चावीवर चालू होणारी. बसवणाऱ्याने चावीची लाईन सापडली नाही म्हणून दोन्ही एकत्र पिळून टाकल्या असतील तर स्टिरिओ रात्रभर जागा राहतो. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची रिमोटची वायर (त्याला चालू-बंद करणारी) सरळ बॅटरीवर घेतलीय का बघा. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, मोबाईल चार्जर, हौद्यावरचे वर्क लाईट, जास्तीचा हॉर्न, या सगळ्यांच्या वायरी शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेली वायर फ्यूज बॉक्समधून जातच नाही, त्यामुळे सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहतो आणि नवीन माणूस इथे अडकतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर जाड केबलव्यतिरिक्त ज्या बारीक वायरी दिसतील त्या एकेक सोडून बघा.

ट्रेलरचं सॉकेट असेल तर ते उघडा, मागे चिखल-पाणी लागून आत हिरवं झालेलं असतं आणि पिनांच्या मध्ये करंट वाहतो. दारातून जाणारी वायर जिथे वाकते तिथलं रबर फाटून इन्सुलेशन गेलेलं असतं, तेही तसंच.

डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून आत गरम होणारे प्लग) रिले वेगळा सांगायला पाहिजे. हा चिकटला तर सगळे प्लग मिळून कित्येक दहा अँपिअर ओढतात, बॅटरी रात्र काढत नाही, तास-दीड तासातच बसते. तुमची गाडी दुपारी जेवायला थांबलो तेवढ्यात पण बसत असेल तर सरळ इकडे या. अशा गाडीला केबल आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर लावायचाच नाही, आधी बल्ब.

आता अल्टरनेटर. सगळे फ्यूज काढले, जास्तीच्या वायरी सोडल्या, तरी आकडा हलत नाही, तर राहिलं ते फ्यूज बॉक्समधून न जाणारं, म्हणजे अल्टरनेटर आणि सेल्फ. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात, त्यातला एखादा गळायला लागला की बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जाऊन उष्णता होऊन जातो. चार्जिंग बऱ्यापैकी होतच असतं म्हणून कोणाला शंका येत नाही. कधी चावी काढल्यावरही चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद पेटलेला दिसतो, अंधारात बघितलं तरच कळतं. दुसरा प्रकार म्हणजे रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बिघडून रोटरची, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाची, कॉइल चालूच राहते, तेव्हा गाडी बंद असताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला तर तो खेचला जातो.

खात्री करायला बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण सोडा, अल्टरनेटरमागची जाड वायर आणि बारीक सॉकेट काढा, जाड वायरीच्या टोकाला भरपूर टेप गुंडाळा कारण तिच्यावर फ्यूज असेलच असं नाही, बॉडीला टेकता कामा नये. मग परत बल्ब लावा आणि मग मीटर. आकडा पडला तर अल्टरनेटर. डायोडचा संशय आणखी एका पद्धतीने पक्का होतो, वायरी परत जोडून इंजिन चालू ठेवायचं, मीटर एसी व्होल्टवर, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर बघायचं, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर डायोड गेलेला असण्याची शक्यता बरीच आहे. डायोड प्लेट वेगळी बदलून मिळते, सगळा अल्टरनेटर टाकून द्यायची गरज नसते.

दोष येतो-जातो तेव्हा

सगळ्यात त्रासदायक प्रकार हा. तुम्ही मोजता तेव्हा २० मिलिअँपिअर, आणि दोन दिवसांनी सकाळी बॅटरी खलास. चिकटणारे रिले, झिजलेला इग्निशन स्विच, कधी दाबणारं कधी न दाबणारं दाराचं बटण, गाडी उतारावर उभी असली की उघडणारा ग्लोव्ह बॉक्स, यातलंच काहीतरी असतं. अशा वेळी गाडी नेहमी जशी लावता तशीच लावा, तीच जागा, तीच दारं, चावी त्याच पद्धतीने काढा, आणि मग मोजा. दहा वेळा चावी ऑन-ऑफ करा, ब्रेक दाबून सोडा, दारं उघडून लावा, पण हे सगळं मीटर काढून, केबल जोडलेली असताना, आणि मग फ्यूजवर मिलिव्होल्ट बघा. तरीही कळत नसेल तर रोज रात्री एकच फ्यूज काढून ठेवा, आज स्टिरिओचा, उद्या आतल्या दिव्यांचा, आणि सकाळी व्होल्ट लिहून ठेवा, वेळ लागतो पण सापडतं.

सापडून दुरुस्त झालं की सगळं परत जोडा, निगेटिव्ह शेवटी, आणि आकडा परत मोजा, दुरुस्ती झाली म्हणून मोजणं सोडू नका कारण दुसरा चोर मागे असू शकतो. मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्ट बघायला टर्मिनलवर टेकवली तर तो सरळ शॉर्ट आहे. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, कारण वरचेवर पार उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती अर्धवट चार्जमध्ये ठेवली की लवकर जाते. मग दोन-तीन सकाळी सेल्फ मारायच्या आधी व्होल्ट बघा, १२.५ च्या वर टिकत असेल तर काम झालं.

दोष सापडेपर्यंत गाडी रोज वापरायचीच असेल तर रात्री निगेटिव्ह केबल सोडून ठेवा किंवा निगेटिव्हवर बॅटरी कट-ऑफ स्विच बसवा. स्टिरिओचे स्टेशन आणि घड्याळ दर वेळी जाईल, कोड मागणारा स्टिरिओ असेल तर तो कोड आधी हाताशी ठेवा.